आत्याचे झेंडूरंगी ग्लास: चारपैकी दोघांचं गाव सापडलं!

मागे लिहिलं होतं ना, आत्याच्या सोलापूरच्या शोकेसमधले चार ग्लास घेऊन आलेय आणि ते कुठले ते काही केल्या कळत नाहीये. तर कळलं! चारातल्या दोघांचं तरी अगदी पक्कं कळलं, आणि ते मी महिनाभर शोधत होते तिथले नाहीतच, ते फिरोझाबादचे आहेत.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. आत्याच्या लग्नात आहेरात आलेला सेट, मूळ सहाचा, दोन फुटले. उंच, वरती थोडे पसरट, काच एकदम पातळ, अंगावर द्राक्षाची वेल आणि वेलीच्या मागचा भाग धुरकट खरखरीत, आणि सगळ्यावर ती केशरी-सोनेरी झळाळी जी उन्हात धरली की जांभळी-हिरवी फिरते. या रंगाला जगभरचे संग्राहक मॅरिगोल्ड म्हणतात, म्हणजे आपला झेंडूच. आत्या म्हणाली, "अगं बेल्जियमचे आहेत ते, सांभाळून ने." आता आपल्याकडे आरसा बेल्जियमचा, झुंबर बेल्जियमचं, हंडी बेल्जियमची, जुनी आणि चांगली काच म्हटली की बेल्जियमच, त्यामुळे त्यावर विसंबायचं नाही हे ठरवलं होतं. पण झळाळी बघून मी स्वतः अमेरिकेकडे वळले आणि तिथेच महिना गेला.

कारण ही कार्निव्हल ग्लास. फेंटन या अमेरिकन काच कंपनीने 1907 मध्ये काढली, मग नॉर्थवुड, इम्पीरियल वगैरे बाकीच्या कंपन्या मागे आल्या. गरम काचेवर धातूच्या क्षारांचा फवारा मारायचा, पृष्ठभागावर अगदी पातळ थर बसतो आणि तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात. कार्निव्हल हे नाव बरंच नंतर संग्राहकांनी दिलेलं. नॉर्थवुडची खूण म्हणजे गोलात एन आणि खाली रेघ, ती शोधली, नाही. इम्पीरियलने साठच्या दशकापासून जुने साचे परत वापरले तेव्हा आय आणि जी एकमेकांवर असलेली खूण टाकली, तीही नाही.

मग ज्या गोष्टीने गाडी रुळावर आली ती अगदी साधी आहे आणि मला वाटतं प्रत्येकाने पहिली हीच करावी. ग्लासच्या आत बोट घालून फिरवा. अमेरिकन कार्निव्हल बहुतेक प्रेस केलेली असते, म्हणजे साच्यात काच ओतून वरून दट्ट्या दाबलेला, त्यामुळे बाहेर कितीही नक्षी असली तरी आतून भिंत गुळगुळीत लागते. माझ्या ग्लासात आत बोट फिरवलं तर बाहेर द्राक्षाचा घड जिथे फुगलाय तिथेच आत खळगा लागतो, पानाच्या जागी पानाचा, म्हणजे हा साच्यात फुंकलेला माल आहे. आणि फुंकलेल्या ग्लासला वरचा जास्तीचा भाग कापून काढावाच लागतो, मग काठ घासतात किंवा आगीवर गुळगुळीत करतात. भिंगाखाली काठ बघितला तर सपाट घासलेला, बारीक ओरखडे अजून दिसतात. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. त्या दिवशी अमेरिकेची फाईल बंद केली.

आता तळ. चारातल्या दोघांच्या तळाला काहीतरी उठावाचं आहे हे बोटाला लागत होतं पण वाचता येत नव्हतं, वर्षानुवर्षं शेल्फवर घासून बोथट झालेलं. टॉर्च आडवा धरून बघितला, फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवला, नुसता गोंधळ. शेवटी टाल्कम पावडर! चिमूटभर तळावर पसरवली आणि कापड बोटावर ताणून सपाट हलक्या हाताने एकदाच पुसलं, म्हणजे उठावाची अक्षरं स्वच्छ होतात आणि बाजूच्या खोलगट भागात पांढरं राहतं. चार इंग्रजी अक्षरं: जे, ए, आय, एन. मला आधी वाटलं दुकानदाराचं नाव असेल, मग लक्षात आलं की दुकानदार आपलं नाव साच्यात कशाला कोरून घेईल, ते कारखान्याचंच असणार.

जैन ग्लास वर्क्स, फिरोझाबाद. बांगड्यांचं गाव म्हणून आपण ओळखतो ते. या कारखान्याचे टम्बलर, म्हणजे असे ग्लास, आणि फुलदाण्या आज परदेशातले संग्राहक शोधत असतात, मासा असलेली फुलदाणी, हत्तीची, देवीची, आणि हाताच्या पंजात धरलेली. टम्बलर असेच, उंच, पातळ, धुरकट पट्ट्यावर झळाळी, आणि काहींच्या तळाला नाव. सगळं जुळतंय. आत्याला फोन केला, ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे आपलेच की गं!" मला खरंच खूप बरं वाटलं, बेल्जियमपेक्षा जास्त बरं वाटलं.

(याच निमित्ताने: तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा केलेला, किंवा ओगलेवाडीचा माल, प्रभाकर कंदील सोडून दुसरा काही, कोणाच्या घरात असेल तर तळाचे फोटो काढून ठेवा प्लीज. आपल्या मातीतली काच आपणच नीट नोंदवलेली नाही याचं मला वाईट वाटतं.)

दुसरी छोटी प्रगती. पुण्याच्या जुन्या बाजारातून साईच्या रंगाचा एक छोटा डबा घेतला होता, आत पत्त्यातल्या चौकटसारखी खूण. ती ब्रिटिश डिझाईन नोंदणीची खूण, 1842 ते 1883 मधली, वरच्या गोलात रोमन तीनचा आकडा, म्हणजे वस्तू काचेच्या वर्गातली. यात एक गोची आहे, 1867 पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात असतं आणि 1868 पासून उजवीकडे जातं. माझ्या डब्यावर वर आकडा आहे, उजवीकडे पी, म्हणजे 1877. आणि शेजारी मोराचं डोकं, तुऱ्यासकट, म्हणजे इंग्लंडमधल्या गेट्सहेडचा सॉवरबी हा काच कारखाना. पण लक्षात ठेवा, ही तारीख डिझाईन नोंदवल्याची आहे, डबा त्यानंतर कितीही वर्षांनी पाडलेला असू शकतो.

यूव्ही टॉर्च (अतिनील प्रकाशाचा, त्यात युरेनियम असलेली काच हिरवी चमकते) मारून बघितला का, असं विचारलं होतं कोणीतरी. ग्लास चमकले नाहीत. म्हणजे युरेनियम नाही, एवढंच, त्यावरून गाव ठरत नाही.

धुताना एक सांगते, ही झळाळी फक्त पृष्ठभागावर असते. घासणी नको, चिंच-लिंबू नको, कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं. चारातल्या एका ग्लासचा काठाजवळचा रंग पूर्ण गेलाय, आत्या म्हणते पूर्वी भांडीवाली राखेने घासायची, तो बघताना जीव तुटतो.

आता उरलेले दोन. उंची तीच, वेल तीच, पण तळ कोरा, आणि पानांच्या शिरा स्पष्ट दिसत नाहीत, बोटाला जेमतेम लागतात. झिजलेला साचा असेल, किंवा शेजारच्या कारखान्याने नक्कल केलेली असेल, फिरोझाबादेत काही एकच भट्टी नव्हती. तोपर्यंत माझ्या वहीत दोघांपुढे "जैन" लिहिलंय आणि दोघांपुढे जागा मोकळी ठेवलीय. कोणाकडे वेलीचा ग्लास असेल तर तळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, एका घडात मणी किती ते मोजा, आणि पावडर लावून तळ बघा. तळाला नाव असलेल्या माझ्या ग्लासांवर पुढच्या घडात 19 मणी आहेत, कोऱ्यांवर 17.