गॅदरिंगचा ऑथेल्लो

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत बाकीचे लोक मैदान, प्रार्थना, छड्या यावर लिहितीलच, मला लिहायचंय ते आमच्या मराठीच्या सरांवर आणि शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वर. परभणीकडच्या आमच्या गावात नाटक म्हणजे गणपतीतलं, तिथं सरांनी गॅदरिंगला शेक्सपिअर काढला! नाटककार गो. ब. देवलांनी १८९० ला याच नाटकाचं 'झुंझारराव' केलं होतं, पण सरांनी तिसऱ्या अंकाचा तुकडा आपल्या बोलीत स्वतःच लिहिला.

मी इयागो, म्हणजे सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा माणूस, बायको डेस्डेमोना आणि अधिकारी कॅसिओ यांचं सूत आहे असा संशय त्याच्या मनात भरवणारा. मला वाटायचं खलनायक म्हणजे डोळे वटारायचे, हात नाचवायचे. सर म्हणले, "तू कशाला एवढं बोलायलास? कॅसिओ प्रामाणिक आहे ना असं ऑथेल्लो विचारायलाय, तू नुसतं 'प्रामाणिक, साहेब?' म्हण आन् गप बस. बाकीचं त्याचं तोच करतो." आणि खरंच मूळ नाटकात तसंच आहे, इयागो सुरुवातीला नुसतं "हे काही बरं दिसत नाही" म्हणतो, काय म्हणालास विचारलं की "काही नाही", अन् पुढचं सगळं ऑथेल्लो खोदून खोदून स्वतःच काढून घेतो.

परीक्षेत आम्ही सगळ्यांनी 'मत्सर हा नायकाचा दोष' लिहून मार्क घेतले, पण मला ते अर्धंच वाटतं. लढाईत वाघ असलेला हा माणूस व्हेनिसमध्ये परकाच, आपण काळे, वय उतरलेलं, दरबारी गोड बोलणं येत नाही हे तो स्वतःच बोलून दाखवतो, संशय शिरला तो तिथूनच. (इयागो तरी कुठं वेगळा, कॅसिओला बढती मिळाली म्हणून तोही जळतच होता की.)

प्रयोगात डेस्डेमोनाची दस्ती (ऑथेल्लोनं दिलेला रुमाल, पुढं तोच संशयाचा पुरावा ठरतो) पडली तर पुढं बसलेली एक आजी ओरडली, "अगं बाई, दस्ती पडली बघ तुझी!" सगळा मंडप हसला, सर सुद्धा.

नंतर 'संशयकल्लोळ' पाहिलं, तेही देवलांचंच, १९१६ चं. तिथं दस्तीऐवजी पडलेली तसबीर, पण तिथला संशयी नवरा फाल्गुनराव मनात आलं की लगेच बायकोवर ओरडतो, तीही तेवढंच ऐकवते, म्हणून आपण हसतो. ऑथेल्लो नुसता दस्ती दे, दस्ती दे करत राहतो, बायकोला नको ते बोलतो, पण दस्ती तू कॅसिओला दिलीस हे तोंडावर म्हणतो थेट शेवटच्या अंकात, तिला मारायला आल्यावर.