जोडीने, पण वेगळ्या डब्यांतून

मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू शिष्यांना दोघं दोघं करून पाठवतो. वाटेसाठी काठीशिवाय काही घेऊ नका म्हणतो. भाकरी नको, झोळी नको, कमरेला पैसे नकोत. निवृत्तीनंतर आम्हा नवरा-बायकोकडे आजाऱ्यांच्या भेटीगाठींची सेवा आली, तेव्हा चर्चच्या पाळकांनी हाच उतारा वाचला होता. आमच्या झोळीत मात्र रक्तदाबाच्या गोळ्या, मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र, छत्री, ताकाची बाटली आणि हिचा बटवा. नाही ती फक्त काठी. ही म्हणते, "अहो, आता घ्याच."

मिशनरी म्हटलं की लोकांना टोपीवाला गोरा साहेब आठवतो. आम्ही मुलुंडचे. अमेरिकेतल्या लॅटर-डे सेंट्स पंथात निवृत्त जोडपी स्वखर्चाने ६ ते २३ महिने परक्या मुलखात सेवेला जातात म्हणे, घराला कुलूप लावून. आम्ही संध्याकाळी परत येऊन आपलाच कुकर लावतो.

बहुतेकदा जाणं परळला. कॅन्सरचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून तिथे आहे, आणि जालना, बीड, नगरकडची माणसं फाइल छातीशी धरून तिथे येत असतात. त्यांत आमच्या मंडळीतल्या कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी मावशी निघतेच.

तर, दोघं दोघं. लोकलला हे मंजूर नाही. प्लॅटफॉर्मवर पोचलं की ही लेडीजकडे वळते, मी ज्येष्ठांच्या राखीव जागेच्या आशेने जनरलकडे. थेट परळच्या पुलाखाली भेट. माझ्या डब्यात सगळ्या माना मोबाइलमध्ये. नशीब असलं तर भजनी मंडळ भेटतं. टाळ वाजायला लागले की माझाही पाय हलतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. १८९५ साली याच मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगायचे. मी त्या पुलावर विक्रोळी ते दादर उभ्यानेच असतो.

हिच्या डब्याची बातच वेगळी. घाटकोपरला चौथी सीट मिळते, कुर्ल्यापर्यंत समोरचीचं माहेर विचारून होतं, शीवला मेथीची अर्धी जुडी हिच्या मांडीवर निवडायला आलेली असते. मागे एका पेशंटच्या बायकोला राहायला खोली मिळेना. मी चार ठिकाणी फोन केले, प्रार्थनाही केली. खोली मिळाली ती भांडुपला, मेथी निवडणाऱ्या बाईंच्या नणंदेकडे. भाडं माफक, गॅस वापरायची मुभा. प्रार्थना ऐकली गेली असं मी म्हणतो. ही म्हणते, हो, पण लेडीज डब्यात.

वॉर्डातही तेच. मी स्तोत्र वाचतो, माणसं डोळे मिटून ऐकतात. ही विचारते, "काल जेवण गेलं का?" की पेशंट बोलायला लागतो. आणि ही काही आजची रीत नव्हे. जॉन आणि मार्गारेट विल्सन हे स्कॉटिश मिशनरी जोडपं १८२९ मध्ये मुंबईत आलं. मार्गारेटबाई मराठी शिकल्या, त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये इथेच वारल्या. चौपाटीवरच्या कॉलेजवर विल्सन हे नाव दिसतं, ते साहेबांचं. हे हिला सांगितलं तर म्हणाली, "त्या बाईंना काही हवं-नको कोण बघत होतं हो?" इतिहासाच्या पुस्तकात मला याचं उत्तर सापडलेलं नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी नगरकडे जातो, बरे होऊन घरी गेलेल्यांना भेटायला. कल्याणवरून, माळशेज घाटातून. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, ती गेलीच. एसटीची मात्र आहे. मी पासष्टी ओलांडली म्हणून माझं तिकीट अर्धं, ही बाई म्हणून हिचं अर्धं. शिवाय लेडीज डबा नाही, त्यामुळे शेजारी शेजारी बसता येतं. खिडकी तिची. 'ती दोघे एकदेह होतील' असं उत्पत्तीत लिहिलंय; कंडक्टर ते पैशांत करून दाखवतो, दोघं मिळून एक तिकीट. पंचाहत्तरी झाली की मी पूर्ण फुकट. तेव्हा हिशेबात एकटी हीच उरेल, आणि ते चुकीचं आहे असं मला म्हणवत नाही.