दार कोण उघडतं?

पाण्याच्या अभ्यास-सहलीची तारीख मी पंचांग बघून काढते, याचं आमच्या स्टाफरूममध्ये अजून हसू होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणपट्टीतल्या कुठल्याही होडीवाल्याला ठाऊक असतं. अष्टमीचे आठ, त्याची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. नदीत आत गेलं की थोडा उशीर धरायचा. मुलांना खाजनातली, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून केलेल्या शेतातली, मानस (पाण्याचं दार) उघडताना दाखवायची तर अष्टमी-नवमीच गाठावी लागते. मुख्याध्यापकांना मात्र शनिवार हवा असतो. दोघांचं जुळेपर्यंत बालरथाचा, म्हणजे शाळेच्या बसचा, ड्रायव्हर रोज विचारत राहतो, "टीचर, ठरलं काय?"

मी गोव्यात, डिचोलीत भूगोल शिकवते. पाण्यावरच्या कार्यशाळा आमच्याकडे कमी नाहीत. बावीस मार्चचा जागतिक जल दिन आला की पाहुणे, पीपीटी, 'म्हादई वाचवा'ची चित्रं, शेवटी सामोसा आणि प्रमाणपत्र. म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादानं 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिलं, हे आठवीतली पोरं घडाघडा म्हणतात. त्याच पोरांना विचारा, तुझ्या घरच्या नळाला पाणी कुठून येतं? "टाकीतून."

म्हणून मी सहलीला प्रश्नावली देणं बंद केलं. प्रत्येक थांब्यावर एवढंच लिहून आणायचं: इथलं दार कोण उघडतं, कोणाच्या सांगण्यावरून, आणि वेळेवर उघडलं नाही तर नुकसान कोणाचं. धरण असो, बंधारा असो, कालवा असो, कुठेतरी दार असतंच.

अस्नोड्याचा जलशुद्धीकरण प्रकल्प आम्ही वेगळा, अर्ध्या दिवसात उरकतो. तुरटी, गाळ, वाळूचे थर, क्लोरीन; पुस्तकात आहे तेच, फक्त आवाज मोठा. माझ्या कामाची गोष्ट तिथे वेगळी आहे. बार्देश तालुक्याला पाणी देणारा हा प्रकल्प मोठ्या प्रमाणात तिळारीच्या कालव्यावर अवलंबून आहे, आणि तिळारीचं धरण आहे दोडामार्गात, महाराष्ट्रात. कालवा फुटला की आमठाण्याच्या धरणातून पाणी घेऊन वेळ निभवावी लागते. म्हणजे शेजारच्या राज्याशी पाण्यावरून फक्त भांडणच होतं असं नाही, भागीदारीही चालते. आमच्या भिंतीवरच्या चित्रांत तिळारी कधी आलेली मी बघितलेली नाही. भागीदारीवर घोषणा सुचत नसावी.

मुख्य सहल नदीच्या उलट्या दिशेनं, खालून वर होते, कारण ओहोटी आपल्यासाठी थांबत नाही. आधी चोडण, मग साखळी, शेवटी केरी.

चोडणच्या खाजनात उभं राहिलं की पहिल्यांदा लक्षात येतं ते हे, की शेत खाली आहे आणि भरतीची नदी वर. मध्ये फक्त मातीचा आणि चिऱ्यांचा बांध. त्या बांधात मानस, लाकडी दारांची. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं, दार आपोआप मिटतं. ओहोटीला आतलं पाणी रेटतं, दार उघडतं. वीज नाही, मोटर नाही. मुलांचा इथे पहिला आक्षेप असतो: "मग टीचर, दार कोणीच उघडत नाही?"

त्याचं उत्तर मी देत नाही. मानशीवर जाळं लावणारे एक आबा आहेत, ते देतात. दार नदी उघडते, पण फळी कुजली, खेकड्यानं बांध पोखरला, फटीत ओंडका अडकला, हे नदी बघत नाही. ते रात्री-अपरात्री माणसानंच बघायचं. पूर्वी गावकरी, म्हणजे कोमुनिदाद ही गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, बांधांचं बघायची. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावात जातो. सुंगटं, शेवटे, नशीब असेल तर चणक. आबांचं म्हणणं, मासळीला भाव आहे आणि भाताला नाही, म्हणून काही ठिकाणी खारं पाणी मुद्दाम आत घेतलं जातं. एकदा मीठ बसलं की पुढच्या पावसात जमीन धुऊन निघेपर्यंत थांबायचं, आणि मग खारेपणा सोसणारं कोरगूटच पेरायचं. बांधच फुटला आणि कोणी बुजवला नाही, तर काही वर्षांत शेतात खारफुटी उभी राहते. खारफुटी तोडायला कायद्यानं बंदी. एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, "इथे दार उघडलं तर शेतकऱ्याचं नुकसान आणि मिटलं तर मासेवाल्याचं." इतकं नेमकं मला पीपीटीत कधी मांडता आलेलं नाही.

साखळीजवळ वाळवंटीवरचा बंधारा बघायला वीस मिनिटं पुरतात. पाऊस सरला की फळ्या घालायच्या, पुढच्या पावसाआधी काढायच्या. वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतरचं, भात आणि काठच्या विहिरी त्या फळ्यांवर. फळ्या काढायला उशीर झाला आणि वर पाऊस कोसळला तर काय होईल, हे साखळीच्या पोरांना सांगावं लागत नाही. बाजारात शिरलेलं पाणी त्यांनी घरात ऐकलेलं असतं.

केरीला अंजुणे धरणावर सगळे दमलेले असतात. चोर्ला घाटाच्या पायथ्याचं वारं लागतं आणि डबे उघडतात. धरणाखाली गेलेल्या गावाचंही नाव अंजुणेच, हे तिथे उभं राहून सांगितलं की मात्र चर्चा वेगळी होते. दारानं ज्यांचं घरच नेलं त्यांना 'नुकसान कोणाचं' या रकान्यात लिहायचं की नाही, यावर गेल्या खेपेला बसमध्ये डिचोलीपर्यंत वाद चालला. मी मध्ये पडले नाही.

तोच वाद पुढे न्यायचा म्हणून आता कुर्डी डोक्यात आहे. साळावली धरणात बुडालेलं हे गाव, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं. मे महिन्यात पाणी उतरलं की सोमेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि वाडे-वालकिणीत वसवलेली माणसं तिथे जमतात. 2025 पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच भरायला लागल्यामुळे मुलांची तयारी आधी करून घेता येईल. सहल मात्र सुट्टीतच, पालकांच्या संमतीनं. सांगेपर्यंत बसचं जमेल. मला हवं आहे ते बुडण्याआधीचं कुर्डी पाहिलेलं, मुलांशी तासभर बोलायला तयार असलेलं कोणीतरी. वाडे-वालकिणीत कोणाची ओळख असेल तर कळवा.