जहाज दिसू नये म्हणून

बेटावर अडकलेल्या माणसांचा सिनेमा लागला असेल तर मी तो बघते. चांगला असो, टुकार असो, अर्ध्यातून सापडलेला असो. विमान कोसळतं नाहीतर जहाज फुटतं, आणि दोन माणसं वाळूवर पालथी पडलेली दिसतात. एक बाई, एक पुरुष, योगायोगाने दोघंही दिसायला बरी. पुढे हा सिनेमा प्रेमाचा निघणार की जीव जगवण्याचा, हे ओळखायची माझी एक खूण आहे. क्षितिजावर जहाज दिसलं की आपल्याला काय वाटतं ते बघायचं. ‘अहो, इकडे! इकडे बघा!’ असं ओरडावंसं वाटलं, तर सिनेमा जगण्याचा. ‘कडमडलं का हे आत्ताच!’ असं वाटलं, तर प्रेमाचा.

‘कास्ट अवे’ (२०००) या खुणेत चोख बसतो. रात्री दूरवर दिवा दिसतो, टॉम हँक्स विजेरी हलवून घसा फोडतो, आणि आपणही त्याच्याबरोबर मनात ओरडत असतो. जहाज निघून जातं. हा सिनेमा शरीराला एका क्षणाचीही सूट देत नाही. दाढ ठणकायला लागते आणि वाहून आलेल्या पार्सलांमध्ये सापडतात बर्फावर घसरायचे स्केट्स. मग स्केटचं पातं दाढेला लावून तो वरून दगड हाणतो. तिथे मी दर वेळी डोळे मिटते, म्हणजे आवाज तेवढा ऐकू येतो. हँक्सचं वजन उतरावं, दाढी वाढावी म्हणून चित्रीकरण जवळजवळ वर्षभर थांबवलं होतं, आणि दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिसने त्या सुट्टीत दुसरा एक सिनेमा करून टाकला. बेटावरच्या दृश्यांना पार्श्वसंगीत नाही. बेट सुटतं तेव्हा कुठे वाद्यं वाजतात.

‘कास्ट अवे’ प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर चित्रित झाला, आणि ‘द ब्लू लगून’ही (१९८०) तिथेच. समुद्र तोच, पण इथे कोणाची दाढ दुखत नाही. दोन लहान मुलं बेटावर वाढतात, वयात येतात, आणि इतक्या वर्षांत नखं कोण कापतं, केसांतला गुंता कोण काढतं, हे विचारायचं नाही. बाळसुद्धा अगदी सहज होतं. छायाचित्रणाला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि ते योग्यच होतं. गंमत म्हणजे या गुळगुळीत सिनेमात एक अस्सल रानटी जीव येऊन गेला. त्यात दिसणारा हिरवा सरडा एका शास्त्रज्ञाच्या नजरेत भरला, आणि ही जात विज्ञानाला ठाऊकच नाही हे त्याच्या लक्षात आलं. १९८१मध्ये फिजीच्या त्या तुरेवाल्या इग्वानाचं रीतसर बारसं झालं.

याच सिनेमात जहाज येतं तेव्हा ती दोघं बघतात, आणि हाक न मारता पाठ फिरवतात. जहाजावर मुलाचा बाप आहे, त्यांनाच शोधत आलेला. तरीही आपल्याला हायसं वाटतं. खरं तर बापाची कणव यायला हवी, पण जहाज आलं की बापापाठोपाठ शाळा येणार, चपला येणार, लोक काय म्हणतील तेही येणार.

मोठ्या माणसांच्या गोष्टीत जहाजातून याहून वाईट गोष्टी उतरतात. जे. एम. बॅरीच्या १९०२च्या ‘द अ‍ॅडमिरेबल क्रायटन’ या नाटकात खानदानी कुटुंब बेटावर अडकतं, आणि ज्याला हाताने काही करता येतं असा एकटा त्यांचा बटलर असतो. बघता बघता तो राजा होतो, मालकाची मुलगी त्याच्याशी लग्नाला तयार होते, आणि नेमकं जहाज येतं. ती विनवते, नको. तरी खुणेचा जाळ तो स्वतःच पेटवतो आणि पुन्हा बटलर होतो. दिग्दर्शिका लिना वेर्टम्युलरच्या ‘स्वेप्ट अवे’ या सिनेमात (१९७४) श्रीमंत बाई आणि तिच्या बोटीवरचा खलाशी अडकतात. तो तिला मारतो, राबवतो, आणि याला प्रेम म्हणायला माझं मन धजत नाही. पण त्याला मात्र ते प्रेम वाटतं, म्हणून बोट दिसल्यावर तोच खूण करतो, ही परत जाऊनही माझीच राहते का ते बघायला. राहत नाही. हेलिकॉप्टरने नवऱ्याबरोबर निघून जाते.

खऱ्याखुऱ्या आयुष्यातही जहाज दिसल्यावर लपलेला एक माणूस आहे. अलेक्झांडर सेल्कर्क हा स्कॉटिश खलाशी १७०४मध्ये कप्तानाशी भांडला: गलबत गळकं आहे, यातून येण्यापेक्षा मी इथेच राहीन. कप्तानाने त्याला चिलीसमोरच्या बेटावर सोडून दिलं. (गलबत पुढे खरंच बुडालं.) चार वर्षं चार महिने तो तिथे एकटा होता. मध्यंतरी जहाजं आली, पण ती शत्रूची, स्पॅनिश. हा पळाला आणि झाडावर चढून बसला. पाठलाग करणाऱ्यांनी त्याच झाडाच्या बुंध्याशी लघवी केली, जवळच्या बकऱ्या मारल्या आणि ते निघून गेले. प्रेमकथेतल्यांना निदान चुंबनं घेत लपता येतं.

अलीकडच्यांत रुबेन ऑस्टलुंडचा ‘ट्रँगल ऑफ सॅडनेस’ (२०२२) मला सर्वांत चावरा वाटला. श्रीमंतांची आलिशान बोट बुडते, वाचलेली थोडी माणसं बेटाला लागतात, आणि बोटीवर संडास साफ करणारी अबिगेल आठपाय्या पकडते, आग पेटवते आणि कप्तान होते. तरणाबांड मॉडेल कार्ल रात्री तिच्या होडीत झोपायला जातो, आणि त्याची मैत्रीण याया हे बघत राहते. त्यात प्रेम किती आणि खाण्याची सोय किती, हे बहुधा कार्ललाही सांगता येणार नाही. शेवटी अबिगेल आणि याया डोंगर ओलांडून जातात, तर समोर खडकात बसवलेली लिफ्ट! बेटाच्या त्या बाजूला आलिशान रिसॉर्ट होतं. इथे जहाजाचं काम लिफ्ट करते.

याया हरखते. समुद्राकडे तोंड करून बसल्या बसल्या ती अबिगेलचंही भलं करायला निघते. परत गेल्यावर तू माझी असिस्टंट हो, म्हणते. अगदी मनापासून म्हणते. तिच्या पाठीमागे अबिगेल दोन्ही हातांनी दगड उचलून उभी असते, आणि पुढे काय होतं ते सिनेमा दाखवत नाही. मला त्या दगडापेक्षा लिफ्टचीच जास्त धास्ती होती. आत्ता दार उघडेल आणि गणवेशातला कोणीतरी हसतमुखाने विचारेल, ‘मॅडम, कितवा मजला?’