दुधाच्या कॅनची पट्टी

अंबडहून जालन्याकडे येताना मोटारसायकलच्या कॅरिअरला दुधाची कॅन बांधलेली ट्यूबची पट्टी गेल्या आठवड्यात तुटली. कॅन रिकामी होती, म्हणून निभावले. घरी येऊन पट्टी निरखली, तेव्हा जिथे ती वर्षभर आकड्याला ताणलेली होती तेवढ्याच भागावर आडव्या बारीक भेगा दिसल्या. ढिले राहिलेले टोक मात्र धडधाकट होते. वडील म्हणाले, ‘उन्हानं गेली.’ पण ऊन तर दोन्ही भागांवर सारखेच पडत होते.

रबर ताणले की त्यातले रेणू लांबतात असे वाटते, पण सुरुवातीला तसे काही होत नाही. रबराचा रेणू म्हणजे हजारो कार्बन अणूंची साखळी. ती मोकळी असताना गुंतवळासारखी गोळा होऊन पडलेली असते आणि उष्णतेमुळे सतत वळवळत असते. ओढले की ती नुसती उलगडते आणि सोडले की त्याच वळवळीमुळे पुन्हा गोळा होते. म्हणूनच वजन टांगलेल्या पट्टीवर गरम पाणी ओतले की ती लांबण्याऐवजी आखडते. पट्टी झटकन ताणून ओठाला लावली तर ऊब जाणवते, हे जॉन गफ या इंग्रज अभ्यासकाने १८०५ सालीच नोंदवले होते. मी ओसरीवर बसून दोन्ही करून पाहिले.

साखळी ताठ झाली की मात्र ताण थेट कार्बनच्या बंधांवर येतो. एक बंध तोडायला काही नॅनोन्यूटन, म्हणजे न्यूटनचे काही अब्जांश एवढेच बल लागते. साऱ्या साखळ्या सारख्या लांबीच्या नसल्यामुळे आखूड साखळी आधी तुटते आणि तिचा भार शेजारणींवर पडतो. रबर पक्के करताना त्यात गंधक मिसळतात आणि ते साखळ्यांना जागोजागी एकमेकींशी सांधते. लेक आणि थॉमस या संशोधकांनी १९६७ मध्ये यातली खरी गंमत दाखवली: गंधकाच्या अशा दोन सांध्यांमधला एकच बंध तुटला, तरी त्या तुकड्यातल्या सगळ्याच ताणलेल्या बंधांची ऊर्जा वाया जाते. त्यामुळे सांधे दूर दूर असलेले रबर सहजी फाटत नाही. गंधक जास्त झालेले कडक रबर लवकर फाटते.

वडिलांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, कारण उष्णतेने बंध हलत असतात आणि तोच ताण उन्हाळ्यात लवकर भारी पडतो. आडव्या भेगांचे कारण मात्र हवेतला ओझोन असावा. तो नैसर्गिक रबराच्या साखळ्या तोडतो आणि रबर ताणलेले असेल तरच अशा भेगा उघडत जातात. नवी पट्टी मी कडेला खाच न पडू देता कापली आहे, आणि कॅन उतरवली की आकडा काढून ती ढिली सोडतो.