बोलणारा आणि पाहणारा

शुक्रवार, 29 मे. रात्रीचे पावणेअकरा.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, सुरू आहे. कूलर चालू असूनही भिंतीला हात लावला तर तव्यासारखी लागते. पण आज झोप येत नाहीये ती उन्हामुळे नाही. आज गटात माझी पाळी होती.

आधी गटाबद्दल लिहून ठेवते. विद्यापीठात गट म्हटलं की लोकांना संघटना आठवते, आणि नागपुरात कोचिंग म्हटलं की नीट-जेईईचे क्लास. एप्रिलमध्ये घरी सांगितलं की मी आता दर दुसऱ्या शुक्रवारी ग्रुप कोचिंगला बसणार आहे, तर लेकाने विचारलं, "आई, तू कोणती परीक्षा देऊन राहिली?" परीक्षा नाही आणि वर्गही नाही. आम्ही सात कर्मचारी आहोत. परीक्षा विभागातून मी, लेखा विभागातला एक तरुण कनिष्ठ लिपिक, ग्रंथालयातल्या ताई, आवक-जावकचे काका, मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सहायक आणि आस्थापनेतली एक जण. दुपारी 3 ते 5, एकूण सहा बैठका. आजची चौथी होती.

पहिल्या दिवशी काकांनी वही-पेन काढून मार्गदर्शक बाईंना विचारलं होतं, "मॅडम, लेक्चर कधी सुरू होणार?" बाई म्हणाल्या, लेक्चर नाहीच. एकाने आपल्या कामातली खरी अडचण दहा मिनिटं मांडायची. पुढची वीस मिनिटं बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. "तुम्ही असं का नाही करत?" हाही चालत नाही, कारण तो प्रश्नचिन्ह लावलेला सल्लाच असतो. शेवटी ज्याची अडचण त्यानेच ठरवायचं, पुढच्या बैठकीपर्यंत एक काय करणार आणि कोणत्या तारखेला. खोलीतलं खोलीत ठेवायचं. म्हणून इथे मी माझंच लिहिते आहे, आणि लेखा विभागातल्या मुलाबद्दल जे लिहीन ते त्याला विचारून.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण तसं ते नाही. ऑफिसात वीस वर्षं काढलेल्या माणसाला सल्ला न देता बसवणं म्हणजे नळ उघडा असताना पाणी अडवणं. दुसऱ्या बैठकीत मी स्वतः तीनदा चुकले.

बाईंनी सांगितलेलं एक मला फार आवडलं. या पद्धतीचं एक मूळ कोळशाच्या खाणीत आहे. इंग्लंडमध्ये रेग रेव्हन्स नावाचे भौतिकशास्त्र शिकलेले गृहस्थ होते. 1940 च्या दशकात तिथल्या कोळसा मंडळाच्या शिक्षणाचं काम त्यांच्याकडे आलं. तज्ज्ञांची भाषणं ठेवण्याऐवजी त्यांनी खाणींच्या व्यवस्थापकांना लहान गटात बसवलं आणि एकमेकांच्या खाणीतल्या अडचणींवर प्रश्न विचारायला लावले. शिकणं म्हणजे आधी माहीत असलेलं आणि त्यात मिळवलेले नेमके प्रश्न, असं त्यांचं सूत्र होतं. हे ऐकून प्रयोगशाळेतले सहायक लगेच म्हणाले, "माझा भाऊ उमरेडच्या खाणीत आहे. खाली उतरल्यावर मोठा-लहान राहत नाही, शेजारच्यावरच भरवसा." तेव्हापासून त्या खोलीत आमच्यातही मोठं-लहान जरा कमी झालं. फळ्यावर बाई चार गोष्टी लिहितात: काय हवं, आज काय आहे, काय काय करता येईल, काय करणार. ही चौकट 1992 च्या सुमारास जॉन व्हिटमोर यांच्यामुळे जगभर पोचली. मला ती ठीक वाटते, पण माझं काम झालं ते चौकटीमुळे नव्हे. समोर बसलेल्यांना माझं टेबल ठाऊक होतं म्हणून झालं.

प्राध्यापकांसाठी 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर स्टाफ कॉलेजं निघाली. उजळणी वर्ग आले, आता मालवीय मिशनखाली प्रशिक्षण केंद्रं आहेत. ते हवंच. पण हॉल तिकिटापासून पदवीपर्यंत विद्यार्थ्याचा कागद ज्यांच्या हातातून जातो, त्या आमच्यासारख्यांना कामात वाढायचं कसं हे कोणी विचारत नव्हतं. नवं सॉफ्टवेअर आलं की अर्धा दिवस प्रशिक्षण, चहा-समोसा, झालं. आमच्यात प्रगती म्हटलं की आश्वासित प्रगती योजना, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीनंतर मिळणारी वरची वेतनश्रेणी. कोणाला कधी लागली, कोणाची अडली, सेवाज्येष्ठतेच्या यादीत कोण वर गेलं. ते पोटाचं आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण एकोणीस वर्षांत "तुम्हाला या कामात अजून काय यायला हवं?" असा प्रश्न मला पहिल्यांदा या गटात ऐकायला मिळाला.

आता आजचं.

खोली जुन्या ग्रंथालयाच्या मागची. कूलरच्या ताट्या नव्या घातल्यात, वाळ्याचा वास येतो, पण मोटर अशी घरघरते की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. मी माझी अडचण मांडली. उन्हाळी परीक्षांचे निकाल सुरू आहेत, मला घरी निघायला रोज साडेआठ होतात. माझ्या हाताखाली चार जणी आहेत. तरी प्रत्येक निकालाचा टीआर, म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांच्या गुणांची एकत्र नोंद, मी स्वतः ओळ न् ओळ पाहते, मगच सही करते. साहेब म्हणतात, काम वाटून द्या. देते, पण परत स्वतः पाहतेच. आता सगळं संगणकावर आहे, गुणपत्रिका डिजिलॉकरला जाते, विद्यार्थ्याच्या क्रेडिट बँकेच्या खात्यात अभ्यासक्रमाचे क्रेडिट जमा होतात. पण आत गुण भरणारा माणूसच असतो. तिथे चुकलं तर पुढे सगळीकडे ती चूकच शहाजोगपणे फिरते. बीपीची गोळी सुरू झाली आहे. मला हे थांबवायचंय आणि थांबवायची भीती वाटते.

वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी विचारलं, "सगळं पाहता म्हणजे किती पानं?" मी कधी मोजली नव्हती. आस्थापनेतलीने विचारलं, "शंभर पानांत किती चुका सापडतात?" तेही माहीत नाही. मग ग्रंथालयातल्या ताई म्हणाल्या, "चूक सापडली की तुम्ही ती कोणाला दाखवता?"

मी पटकन म्हटलं, "कोणाला नाही. मीच दुरुस्त करून टाकते."

कोणी काही बोललं नाही. बाईही नाही. मी माझंच वाक्य परत ऐकलं.

आमच्याकडे चूक दाखवली की तिचा कागद होतो. कागद झाला की खुलासा मागतात आणि खुलाशाची प्रत सेवापुस्तकाकडे निघते. म्हणून मी हाताखालच्या मुलींना वाचवत आले. मला तो चांगुलपणा वाटायचा. पण माझ्या चौघींपैकी एकीला सहा वर्षं झालीत, आणि ती अजून फक्त आकडे भरते. आपण भरलेल्यात चुका किती, कुठे, कशाने होतात, हे तिला ठाऊक नाही, कारण मी ते तिच्यापर्यंत कधी जाऊच दिलं नाही. तिच्या गोपनीय अहवालात मी दर वर्षी 'चांगले' लिहिलं आहे. हे आज खोलीत बोलताना माझा आवाज बसला.

मग मी 2011 चं सांगितलं. घरच्यांशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. एका विद्यार्थिनीच्या प्रात्यक्षिकाच्या रकान्यात गुणांच्या जागी 'एबी', म्हणजे गैरहजर, पडलं होतं. ती हजर होती, कॉलेजच्या हजेरीपटावर तिची सही होती. तो टीआर माझ्या हातून गेला. दुरुस्ती होईपर्यंत अडीच महिने गेले आणि तिचा बाहेरच्या शहरातला प्रवेश हातचा गेला. तिचे वडील खिडकीशी उभे राहून एकही शब्द वाकडा बोलले नाहीत. हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले. त्या दिवसापासून मी कोणाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

तेव्हा लेखा विभागातला मुलगा काही बोलला, पण कूलरमध्ये ऐकू आलं नाही. तो मुळातच हळू बोलतो. काका उठले आणि त्यांनी कूलर बंद केला. बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीसचं ऊन, आत सात-आठ माणसं, आणि एका पोराचं बोलणं ऐकू यावं म्हणून सगळे घाम पुसत बसले.

त्याने परत विचारलं, "मॅडम, तुम्हाला हे पाहायला कोणी शिकवलं?"

मला कोणी शिकवलं! किती वर्षांत मी त्यांचं नाव काढलं नव्हतं. मी नोकरीला लागले तेव्हा परीक्षा विभागात एक वरिष्ठ सहायक होते, आम्ही त्यांनाही काकाच म्हणायचो. तेव्हा टीआर लाल कापडी बांधणीचे, उचलायला दोन हात लागायचे. त्यांनी मला तीन महिने शेजारी खुर्ची टाकून बसवलं. त्यांच्याकडे एक लाकडी पट्टी होती, कडा झिजून गुळगुळीत झालेली. ती ते ओळीखाली धरायचे. एक जण क्रमांक आणि गुण मोठ्याने वाचणार, दुसरा मूळ गुणयादीत पाहणार. बोलणारा आणि पाहणारा. दर पन्नास नावांनंतर अदलाबदल, कारण पाहणाऱ्याचे डोळे थकतात आणि बोलणाऱ्याला लय लागते, आणि लय लागली की माणूस जे छापलंय ते न वाचता जे असावं ते वाचतो. मी चुकले की ते पट्टीने टेबलावर एकदाच टक् करायचे. रागवायचे नाहीत. चूक मलाच शोधू द्यायचे.

मग ते निवृत्त झाले, यंत्रणा बदलली, छापील ताव आले, आणि मी एकटीच बोलणारी आणि एकटीच पाहणारी झाले. 2011 मध्ये त्या पानावर मी एकटी होते. माझी चूक 'मी नीट पाहिलं नाही' एवढीच आहे असं मी पंधरा वर्षं समजत होते. शेजारी दुसरं कोणी नव्हतं, हे आज पहिल्यांदा ध्यानात आलं.

आवक-जावकच्या काकांना राहवलं नाही. "अहो ताई, मग पोरींना बसवा ना बाजूला!" बाईंनी नुसता हात वर केला, काका जीभ चावून गप्प झाले. पण मी तिथवर आलेच होते, आणि माझ्या पायांनी आले होते. हेच उत्तर साहेबांनी मला दहा वेळा दिलंय, 'काम वाटून द्या' म्हणून. दहाही वेळा मला ते माझ्यावरचा आरोप वाटलं होतं.

शेवटी मी माझं लिहून दिलं. सोमवारपासून रोज साडेदहा ते अकरा, सहा वर्षंवालीला आणि नव्या मुलीला घेऊन एकाच अभ्यासक्रमाचा टीआर जोडीने पाहायचा. सापडलेल्या चुका एका वहीत लिहायच्या: कोणत्या प्रकारची आणि कुठून आली एवढंच, नाव नाही. ती वही माझ्या खणात राहील, नस्तीत जाणार नाही. पुढच्या बैठकीत, 12 जूनला, किती पानं आणि किती चुका हे आकडे घेऊन जायचे. हा अर्धा तास मिळावा म्हणून साहेबांशी बोलावं लागेल. निकालाच्या घाईत ते कुरकुरतील, आणि ती कुरकुर अगदीच चूक नाही. मुलींना वाटेल मॅडमचा आता आपल्यावर भरवसा उरला नाही. तेव्हा त्यांना आधी 2011 चं सांगणार आहे. ते सांगितल्याशिवाय पट्टी हातात घेणं बरोबर नाही.

सुटल्यावर तो मुलगा मेट्रो स्टेशनपर्यंत सोबत आला. डोक्याला दुपट्टा बांधून दोघं सावली सावलीने चाललो. तो अनुकंपा तत्त्वावर लागला आहे, वडिलांच्याच विभागात. दोन वर्षं झाली तरी लोक त्याला 'अमक्याचा मुलगा' म्हणूनच ओळखतात. मागच्या वेळी त्याची पाळी होती तेव्हा त्याने लेखापरीक्षणाच्या आक्षेपांना उत्तरं लिहायला शिकायचं ठरवलं होतं. मी विचारलं, कुठवर आलं? म्हणाला, "जुन्या नस्त्या काढून वाचून राहिलो, मॅडम. त्यात बाबांच्या टिपण्या सापडल्या. आधी आक्षेप आपल्या शब्दांत लिहायचे, मग उत्तर. अक्षर पण तेच." पुढे म्हणाला, "मला तर त्यांनी घरी ऑफिसचं कधी काही सांगितलं नव्हतं." गाडी आली, मी चढले. तो उलट्या दिशेचा.

घरी येऊन पन्हं प्यायले आणि लेकाच्या कपाटात पट्टी शोधली. प्लास्टिकची निघाली, गॅलरीतल्या उन्हाने वाकलेली. उद्या सीताबर्डीला जाऊन लाकडी मिळते का पाहीन. वही मात्र घरात कोरी होती. तिच्यावर तारीख टाकली आणि पहिल्या पानावर आठवेल तसं उतरवलं, काका सांगायचे त्याच क्रमाने.

आधी एबी पाहायचे. प्रत्येक अनुपस्थित क्रमांक कॉलेजच्या हजेरीपटाशी जुळवायचा. सही दिसली तर तिथेच थांबायचं. मग आकड्यांकडे वळायचं.