आमची वाटचाल : काम झालं, पैसे अडकले

आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, शेड, जिन्याची रेलिंग. सुरुवातीला एक वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर आणि हाताखाली एक मुलगा. काम चोख केलं की पैसे कुठे जात नाहीत, असं मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या वर्षी एका ऑफिसच्या जिन्याचं काम घेतलं. अर्ध्यावर आलो तेव्हा मालक म्हणाले, "वरच्या गॅलरीलाही असंच लावून टाका, बिलात धरा." आम्ही लावलं. जोडावरून बोट फिरवलं तरी कळू नये इतकं बफिंग केलं. बिल पाठवल्यावर उत्तर आलं, "गॅलरीचं कुठे ठरलं होतं?" मग पॉलिशची तक्रार निघाली, मग अकाउंटवाले सुट्टीवर गेले, आणि शेवटी फोन उचलणंच बंद झालं. पाइपवाल्याचे पैसे आणि मुलांचे पगार मात्र आम्ही वेळेवर दिले होते.

शंभराच्या बिलात नफा दहा असेल, तर एका बुडालेल्या कामाचा खर्च भरून काढायला तेवढ्याच मोठ्या नऊ कामांचा नफा जातो. हा हिशेब मी तेव्हा पहिल्यांदा मांडला आणि त्या रात्री झोप लागली नाही.

मला पैसे मागायची लाज वाटायची. हिशेब बायको बघते. ती एकदा म्हणाली, "अहो, उसने मागताय का? आपलेच आहेत ते." तेव्हापासून तारखेच्या तीन दिवस आधी तीच फोन करते, आणि चेकवर सही करणाऱ्या माणसालाच.

मालाचा खर्च निघेल एवढा ॲडव्हान्स आल्याशिवाय आता कटिंग सुरू होत नाही. दुसरा हप्ता फिटिंगला निघण्याआधी. मापाने बनवलेली रेलिंग दुसरीकडे खपत नाही, आणि एकदा बसवली की आपल्या हातात काही उरत नाही. वाढीव काम निघालं तर माप आणि दर मेसेजवर टाकतो; "हो" आल्यावरच पाइपला हात लावायचा. काम संपलं की ग्राहकाला सोबत घेऊन सगळं दाखवतो. काही खटकलं तर तिथेच लिहून घेतो, नाहीतर चलनावर सही. बिल त्याच संध्याकाळी जातं.

सगळेच बुडवे नसतात. एका जुन्या ग्राहकाचा धंदा बसला, तेव्हा ते स्वतः वर्कशॉपवर आले आणि अडचण सांगितली. आम्ही हप्ते बांधून दिले. अकरा महिने लागले, पण एकही हप्ता चुकला नाही. आजही त्यांचं काम आम्ही आधी घेतो. अडचणीतला माणूस समोर येतो, टाळणारा फोन टाळतो. एवढा फरक मला तरी दिसला आहे.

गॅलरीवाले मालक दोन वर्षांनी नव्या कामासाठी आले. मी जुनं बिल पुढे ठेवलं. "अजून तेच धरून बसलात?" म्हणाले. मी म्हटलं, "हो, ते मिटलं की नव्या कामाचं माप घेऊ." ते उठून गेले, परत आले नाहीत. हातातलं मोठं काम सोडायची ती माझी पहिलीच वेळ होती. त्या महिन्यात काम थोडं कमी होतं, पण पगार एक तारखेलाच झाले.